चाकांना दोष देण्याआधी: इनलाइन हॉकीचे स्केट निवडणं, जुळवणं आणि पायाला बसवणं

इनलाइन हॉकीत, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट घालून खेळायच्या हॉकीत, कुणी वळताना घसरलं की त्याची नजर आधी चाकांकडे जाते. मीही त्यातलाच. उजव्या पायावर वळताना स्केट सारखा बाहेर पळायचा, म्हणून मी एका हंगामात चाकांचे तीन संच बदलले. आधी मऊ, मग आणखी मऊ, मग महागाचे. शेवटी एका जाणत्या खेळाडूने स्केट टेबलावर ठेवला, मागून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "फ्रेम वाकडी बसलीये की!" फ्रेम, म्हणजे बुटाखाली चाकं धरणारा सांगाडा, जेमतेम तीन मिलिमीटर बाहेरच्या अंगाला सरकलेली होती. बसवली होती मीच.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी पाय, मग बूट, मग फ्रेम आणि सगळ्यात शेवटी चाकं. पैसेही याच क्रमाने लावावेत. चुकीच्या मापाच्या बुटाखाली उत्तम चाकं लावली तरी पाय आतल्या आत सरकतो आणि चाकांची पकड जमिनीपर्यंत पोचतच नाही.

पाय मोजताना

संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालता तेच पातळ मोजे घाला. कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा आणि पूर्ण भार देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप लहान येतं. दोन्ही पाय मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात. लांबी मोठ्या पायाची धरा.

बहुतेक लोक लांबी घेऊन थांबतात. आणखी दोन गोष्टी बघायच्या असतात: चवड्याची रुंदी आणि पावलाच्या वरच्या बाजूचा उंचवटा. लांबी बरोबर असूनही पाय बधिर होतो, तेव्हा बहुधा याच दोघांपैकी एकाची चूक असते.

हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीडने कमी असतो. पण हा फक्त सुरुवातीचा अंदाज, कारण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. रुंदीच्या खुणाही बदलत गेल्या आहेत. जुन्या जोड्यांवर डी म्हणजे नेहमीची आणि डबल ई म्हणजे रुंद अशी अक्षरं दिसतील. बॉअर या कंपनीने अलीकडे फिट १, २ आणि ३ अशी पद्धत आणली, त्यात १ सर्वांत निमुळता आणि ३ सर्वांत ऐसपैस. मिशन हे इनलाइनमधलं जुनं नाव २००८ पासून बॉअरकडेच आहे, पण म्हणून दोन्ही नावांच्या बुटांचं माप एकच असेल असं समजू नका. घालून बघायला पर्याय नाही.

बूट घालून बघण्याची पद्धत

नाडी पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा, पाय आत सरकवा आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा. टाच मागच्या खोबणीत गेली की मग नाडी बांधा. बोटांपाशी थोडी सैल, घोट्याच्या वळणापाशी घट्ट.

सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकी लागली पाहिजेत. आता गुडघे वाकवून खेळण्याच्या पवित्र्यात या. पाय मागे जातो आणि बोटं टोपीपासून किंचित सुटतात. उभं असताना बोटं दुमडत असतील तर बूट लहान. गुडघे वाकवल्यावर पुढे बोटभर जागा उरत असेल तर मोठा. त्याच पवित्र्यात टाच उचलायचा प्रयत्न करा. ती बुटात वर-खाली होत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग कितीही आवडो.

उंचवट्यासाठी पेन्सिलची चाचणी. नाडी न बांधता जीभ पुढे घ्या आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी टेकवा. ती दोन्ही कडांवर सपाट बसली तर बूट पुरेसा खोल आहे. पावलावर अडकून डगमगत असेल तर बूट उथळ आहे आणि नाडी कितीही मोकळी बांधली तरी पावलावर वळ उठणार.

हे सगळं जमलं की वीस मिनिटं बूट घालून बसा. पहिल्या पाच मिनिटांत चांगला बूटही अंगावर येतो आणि वाईट बूटही मखमली वाटतो. सगळीकडून सारखा आवळल्यासारखा वाटला तर चालेल. एका जागी सुई टोचल्यासारखं दुखणं किंवा बोटांना मुंग्या येणं हे मात्र बूट बाद करायचं कारण.

कडकपणाबद्दल एक सावधगिरी. सर्वांत वरच्या दर्जाचे बूट धट्ट्याकट्ट्या, जोरात खेळणाऱ्या माणसासाठी बनवलेले असतात. हलक्या वजनाच्या किंवा नवशिक्या खेळाडूला ते घोट्यातून वाकवताच येत नाहीत. मग तो ताठ उभा राहून खेळतो आणि मागे पडतो. लहान मुलांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. घालून नडगी पुढे दाबून बघा, बूट थोडा तरी वाकला पाहिजे.

तापवून पायाला बसवणं

आजच्या बहुतेक हॉकी बुटांचं कवच उष्णतेने मऊ होतं आणि थंड होताना पायाचा आकार धरतं. दुकानात त्यासाठी खास ओव्हन असतो आणि शक्य असेल तर तिथेच करून घ्या. घरी करायचं झाल्यास कंपनीने दिलेलं तापमान आणि वेळ पाळा. बऱ्याच बुटांना साधारण ८० अंश सेल्सिअस आणि मोजकी मिनिटं पुरतात. चाकं आधी काढून ठेवा. ओव्हन आधी तापवा, मग बंद करा आणि मगच बूट आत ठेवा. बूट कुठेही ओव्हनच्या भिंतीला किंवा कांडीला लागता कामा नये. एका वेळी एकच बूट.

बाहेर काढल्यावर पाय आत घाला, टाच मागे बसवा आणि नाडी खालून वर हळूहळू आवळा. हिसका देऊ नका, कारण गरम कवचातून भोकांच्या धातूच्या कड्या उपटून येतात. गुडघे वाकवून खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं बसा. उभं राहू नका, चालू तर मुळीच नका. नंतर नाडी पूर्ण सैल करून पाय अलगद काढा आणि बूट एक दिवस तसाच राहू द्या.

तापवल्याने बूट लांब होत नाही, एवढं लक्षात असू द्या. घोट्याचं किंवा चवड्याचं हाड तरीही एका ठिकाणी टोचत असेल तर तेवढीच जागा दाबून फुगवता येते. नेमकी जागा शोधायला हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावा आणि मोज्याशिवाय पाय आत घाला. डाग जिथे उमटेल तिथे टोकाला गोळा असलेल्या शिकंज्याने दाब द्यायचा. अंदाजाने दाबलं तर हमखास सेंटिमीटरभर चुकतं आणि टोचणी तिथेच राहते.

फ्रेम

बहुतेकांचा अभ्यास नेमका इथे कमी पडतो. फिटनेसच्या स्केटवर फ्रेम बोल्टने लागते आणि भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं. हॉकीत बहुतेक फ्रेम बुटाच्या तळाला थेट रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळीने, ठोकलेली असते आणि भोकांचं एकच एक प्रमाण नसतं. म्हणून फ्रेम बदलणं म्हणजे छोटी शस्त्रक्रियाच.

आधी भूमिती. सर्वांत प्रचलित रचना हाय-लो: पुढची दोन चाकं ७६ मिलिमीटर व्यासाची, मागची दोन ८० ची. लहान मापांत पुढे ७२ चीही असतात. आस, म्हणजे चाकांच्या मधल्या दांड्या, अशा उंचीवर असतात की चारही चाकं जमिनीला टेकतात. फायदा असा की चवडा खाली राहतो, टाच थोडी वर जाते आणि अंग आपसूक पुढे झुकतं. बर्फावरच्या स्केटच्या जवळ जाणारी ही ठेवण.

दुसरा फायदा लांबीचा. दोन शेजारच्या चाकांच्या आसांमध्ये निदान त्या दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतकं अंतर लागतंच. चारही चाकं ८० ची असतील तर पहिल्या आणि चौथ्या आसांत किमान २४० मिलिमीटर आणि वर चाकं घासू नयेत एवढी फट. ७६-७६-८०-८० मध्ये हिशोब ७६ अधिक ७८ अधिक ८०, म्हणजे २३४. सहा मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण पटकन उलट वळताना पायाला कळतात. लांब फ्रेम सरळ रेषेत स्थिर आणि वेगवान, आखूड फ्रेम चपळ. मोठ्या पायाच्या बचावपटूला चार ८० चांगली. कोपऱ्यात गिरक्या घेणाऱ्याला हाय-लो.

तिसरा प्रकार रॉकरचा, म्हणजे बर्फावरच्या पात्यासारखा तळाला बाक. सपाट ८० च्या फ्रेमवर पहिलं आणि चौथं चाक ७६ चं लावलं तर ती दोन चाकं जमिनीपासून दोन मिलिमीटर वर राहतात. व्यासातला फरक चार, त्रिज्येतला दोन. गिरकी झकास बसते, पण सरळ जाताना स्केट डगमगतो. मार्सब्लेडसारख्या फ्रेमने वेगळी युक्ती केली आहे: खाली चारही चाकं टेकलेलीच राहतात आणि वरचा भाग पाळण्यासारखा पुढे-मागे डोलतो. बर्फावर खेळणाऱ्यांना ते ओळखीचं वाटतं. सवय नसलेल्याचे पहिले दोन दिवस मात्र हसं होतं, माझंही झालं होतं.

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ॲल्युमिनियम ताठ असतं आणि जोर वाया जात नाही. प्लास्टिकची फ्रेम स्वस्त आणि धक्के गिळणारी, पण जड माणसाखाली पिळवटते. मॅग्नेशियम हलकं आणि महाग. हौशी खेळाडूने चांगल्या ॲल्युमिनियमवर थांबावं.

बर्फाच्या बुटाखाली चाकं

हे उलटं वाटेल, पण आजच्या इनलाइन स्केटची लाट इथूनच उठली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांनी उन्हाळ्यात सराव करता यावा म्हणून हॉकीच्या बुटांखाली एका ओळीत चाकं बसवायला सुरुवात केली. त्यातून पुढे रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. आजही ज्याला बर्फाच्या एखाद्या बुटाचं माप अगदी चपखल बसतं तो त्याखाली इनलाइन फ्रेम लावून घेतो. बर्फाचे बूट थोडे जास्त उबदार असतात आणि हवा कमी खेळते, एवढी तयारी ठेवा. कंपनीची हमी यात संपते हेही गृहीत धरा.

कृती अशी. पात्याचा धारक काढायला रिव्हेटची डोकी ड्रिलने खोदायची, तीही फक्त डोक्यापुरती. तळात घुसलात तर भोक रुंद होतं आणि नवा रिव्हेट धरत नाही. जुनी भोकं इपॉक्सीने बुजवा, नाहीतर घाम आणि पाणी तिथून आत जातं. मग नवी फ्रेम तळाखाली धरून बघा. पुढची पट्टी चवड्याखाली आणि मागची टाचेखाली सपाट बसली पाहिजे. पट्टी आणि तळ यांच्यात फट दिसत असेल तर रिव्हेटने खेचून ती मिटवू नका. तळ पिळवटतो आणि महिन्याभरात तडा जातो.

आता सर्वांत नाजूक काम, मध्य शोधणं. टाचेच्या मागच्या शिवणीवरून पेन्सिलने सरळ रेषा तळापर्यंत आणा. पुढे दुसऱ्या बोटाच्या रेषेत खूण करा. दोन्ही खुणा दोऱ्याने जोडा. फ्रेमची मधली रेषा या दोऱ्यावर आली पाहिजे. पुढे-मागे बघताना पहिलं चाक बोटांच्या थोडं पुढे आणि शेवटचं टाचेच्या थोडं मागे येऊ द्या. फ्रेम फार मागे गेली तर जोरात ढकलताना तोंडावर पडायची पाळी येते.

लगेच सगळे रिव्हेट ठोकू नका. पुढे एक आणि मागे एक असे दोनच स्क्रू लावून सपाट जागी हळू सरका. एका पायावर उभं राहून स्केट सरळ जातो का बघा. डावीकडे किंवा उजवीकडे ओढत असेल तर स्क्रू सैल करून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवा आणि पुन्हा बघा. ज्यांचा घोटा आतल्या बाजूला पडतो त्यांची फ्रेम किंचित आतल्या अंगाला सरकवतात, म्हणजे आधार पडणाऱ्या बाजूखाली येतो. पण आधी बूट सैल नाही ना याची खात्री करा. सैल बुटातही घोटा आत पडतो आणि तिथे फ्रेम सरकवणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. समाधान झालं की मग उरलेल्या भोकांत रिव्हेट आणि शेवटी त्या दोन स्क्रूंच्या जागीही रिव्हेट.

तयार जोडी घेतली असली तरी टेबलावर ठेवून मागून एक डोळा मिटून बघाच. चारही चाकं एकाच्या मागे एक लपली पाहिजेत आणि टाचेची शिवण त्यांच्या बरोबर वर आली पाहिजे.

चाकं आणि बेअरिंग

चाकावर दोन आकडे असतात. एक व्यास, दुसरा कठीणपणा, आणि त्यापुढे ए हे अक्षर. आकडा जितका लहान तितकं चाक मऊ. आत, प्लास्टिकच्या टाइलवर किंवा गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर ७२ए ते ७६ए. वजन जास्त असेल तर ७६ए ते ७८ए, कारण भारी माणसाखाली मऊ चाक दबून बसतं आणि वेग खातं. बाहेर डांबरावर किंवा खडबडीत काँक्रीटवर ८०ए ते ८५ए. आतलं मऊ चाक बाहेर नेलं तर एका दुपारीत त्याचे लचके निघतात. दोन्हीकडे खेळत असाल तर दोन संच ठेवा. मधल्या कठीणपणाची तडजोड दोन्हीकडे निराश करते.

एकाच स्केटवर दोन कठीणपणाची चाकं मिसळणारेही आहेत. हरकत नाही, पण दोन्ही पायांवर मांडणी एकसारखी ठेवा.

चाकं आतल्या कडेने झिजतात. झीज डोळ्यांना दिसू लागली की उलटवा: झिजलेली कड बाहेरच्या अंगाला आणा, पायही बदला. सपाट फ्रेमवर पहिलं तिसऱ्याशी आणि दुसरं चौथ्याशी अदलाबदल. हाय-लोवर अर्थातच फक्त सारख्या व्यासाच्या जोडीतच.

बेअरिंग एका चाकात दोन, म्हणजे जोडीला सोळा. प्रचलित माप ६०८: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. काही हॉकी फ्रेमना ६८८ हे छोटं बेअरिंग लागतं, त्याचा बाहेरचा व्यास १६ आणि जाडी ५. चाकं विकत घेताना हे न बघता घरी आलेले अनेक जण मी पाहिले आहेत. आबेकचा आकडा, म्हणजे १, ३, ५, ७, ९, फक्त मापातल्या अचूकतेचा असतो. आबेक ९ म्हणजे जास्त वेग हा गैरसमज आहे. हातात धरून चाक किती वेळ फिरतं यालाही फारसा अर्थ नाही. घट्ट ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग हातात लवकर थांबतं आणि पायाखाली मजेत पळतं.

दोन बेअरिंगच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, कधी विसरू नका. ती नसेल तर ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळताना बेअरिंग बाजूने दाबली जातात, चाक जड होतं आणि मग माणूस ॲक्सल सैल सोडतो. तिथून खडखड सुरू होते. ॲक्सल कुठे ८ मिलिमीटरचा असतो, कुठे ६ चा, आणि स्पेसर त्याच मापाचा लागतो. सगळं नीट बसलं असेल तर ॲक्सल पूर्ण आवळूनही चाक मोकळं फिरतं आणि बाजूला हलवलं तर खुळखुळत नाही.

खरखर ऐकू आली तर बेअरिंगचं झाकण काढून सॉल्व्हंटमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि एक-दोन थेंब बेअरिंगचं तेल टाका. गंज सोडवायचा स्प्रे मारून मोकळं होऊ नका. तो जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि दोन दिवसांत पहिल्यापेक्षा मोठा आवाज येतो.

किरकोळ, पण पायाला जाणवणारं

आतला सपाट तळवा बदलून कमानीला आधार देणारा टाकला तर पुष्कळांचा तळपाय दुखायचा थांबतो. मात्र जाड तळव्याने पाय वर उचलला जातो, म्हणून पेन्सिलची चाचणी पुन्हा करा. घोट्याच्या पुढे नाडी रुतत असेल तर तिथली एक भोकांची जोडी सोडून बांधून बघा. मेणाची नाडी बांधलेली गाठ धरून ठेवते, साधी नाडी खेळताखेळता आवळायला सोपी. यात बरोबर-चूक नाही.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि त्यावर निदान तीन-चार वेळा खेळा. फ्रेम सरकवली, तळवा बदलला आणि चाकंही नवी लावली तर फरक कशाने पडला ते देवालाच ठाऊक. मी स्केटच्या पिशवीत छोटी वही ठेवतो: तारीख, काय बदललं, कसं वाटलं.

नव्याने फ्रेम बसवली असेल तर पहिल्या खेळानंतर आणि मग तिसऱ्यानंतर स्केट उलटा धरून फ्रेम हाताने पिळायचा प्रयत्न करा आणि प्रत्येक रिव्हेटवर अंगठा ठेवा. ढिला झालेला रिव्हेट अंगठ्याखाली टिकटिक करतो. ती टिकटिक लागली की तेवढा एक बदलून घ्या. उशीर केला तर शेजारचेही सुटतात आणि तळातली भोकं अंडाकृती होऊन बसतात.